गालापागोसला जायचंय? आधी प्राणी, मग महिना, बोट सगळ्यांत शेवटी

फेब्रुवारीतली सकाळ होती. एस्पान्योला बेटाच्या पुंता सुआरेझ या टोकावर खडकांतून वाट काढत आम्ही कड्यापर्यंत पोचलो. आई सगळ्यांच्या पुढे होती. सहलीच्या माहितीपत्रकावरचा अल्बाट्रॉसचा फोटो तिने सहा महिने फ्रिजवर लावून ठेवला होता, आणि आता तो पक्षी समोर दिसणार होता. कड्याच्या तोंडाशी एक मोकळी, उजाड पट्टी दिसली. गाइड म्हणाला, ही त्यांची धावपट्टी. सव्वादोन मीटर पंखांच्या पक्ष्याला जागच्या जागी उडणं कठीण जातं, म्हणून तो इथून पळत येतो आणि कड्यावरून स्वतःला वाऱ्यावर सोडून देतो.

धावपट्टी रिकामी होती. जानेवारी ते मार्च हे पक्षी दूर समुद्रात, पेरूच्या किनाऱ्याच्या बाजूला असतात. बेटावर ते मार्चअखेरीस-एप्रिलात उतरतात आणि डिसेंबरपर्यंत राहतात. हे गाइडला माहीत होतं, बोटीवरच्या आचाऱ्यालाही माहीत होतं. आम्हाला सहल विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

आई काही बोलली नाही. शेजारच्या खडकांवर नाझ्का बूबी या समुद्रपक्ष्याची पांढरीशुभ्र, कापसासारखी पिल्लं होती, ती बराच वेळ पाहत बसली. परतताना होडीत मात्र तिने विचारलं, "मग तो फोटो त्यांनी का छापला?"

त्या प्रश्नाचा माग काढताना या छोट्या बोटींच्या सहली कशा आखल्या जातात ते मला उमगलं. आज कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: आधी कोणता प्राणी पाहायचा ते ठरवा, त्यावरून महिना आणि बेटं ठरवा, त्यावरून फेरी, आणि बोट सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण याच्या नेमकं उलट करतात, कारण जाहिरातीत आधी बोट दिसते.

बोटीची वाट उद्यान ठरवतं

गालापागोस बेटं इक्वेडोरची, पण इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे 1000 किलोमीटर लांब, पॅसिफिकमध्ये अगदी विषुववृत्तावर. मोठी बेटं 13, बाकी लहान-लहान बेटं आणि खडक. गावं फक्त चार बेटांवर. तिथल्या जमिनीपैकी 97 टक्के भाग राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान झालं 1959 मध्ये, आणि 1978 मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी निघाली त्यात ही बेटं होती.

बोट कुठे जाईल, किती वाजता जाईल, हे कप्तान ठरवत नाही. प्रत्येक बोटीची फेरी उद्यानाने आधी मंजूर केलेली असते. कोणत्या दिवशी सकाळी कोणतं ठिकाण आणि दुपारी कोणतं, सगळं लिहिलेलं. 2012 पासून असा नियम आहे की एकाच बोटीने 14 दिवसांच्या आत त्याच ठिकाणी पुन्हा उतरायचं नाही. आधी सगळ्या बोटी लोकप्रिय बेटांवरच गर्दी करायच्या. या नियमाने त्या पांगल्या.

याचा आपल्यावर होणारा परिणाम असा: बोटीचा पूर्ण फेरा 15 दिवस आणि 14 रात्रींचा असतो आणि तो सतत चालू असतो, ठरलेल्या मार्गाच्या एसटीसारखा. आपण फक्त कुठल्या थांब्यावर चढायचं आणि कुठे उतरायचं ते ठरवतो. 4, 5, 6 किंवा 8 दिवसांची 'सहल' म्हणून जे विकलं जातं, तो या फेऱ्याचा एक तुकडा असतो. त्यामुळे एकाच बोटीच्या एका आठवड्यात अल्बाट्रॉसचं बेट असतं आणि पुढच्या आठवड्यात नसतं. माहितीपत्रकात मात्र पूर्ण फेऱ्यातले फोटो, तेही वर्षभरातले, एकाच पानावर येतात. आईच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

दिवस मोजण्यातही एक मेख आहे. पहिल्या दिवशी तुम्ही विमानाने बाल्ट्रा किंवा सान क्रिस्तोबालला उतरता, बोटीवर पोचेपर्यंत दुपार होते. शेवटच्या दिवशी सकाळी एखादी छोटी फेरी झाली की थेट विमानतळ. म्हणजे '4 दिवस, 3 रात्री' यात पुरते दिवस दोनच मिळतात. 8 दिवसांत सहा मिळतात. इतक्या लांब जायचं तर चार दिवसांत परतू नये, असं मला मनापासून वाटतं. पैसे कमी असतील तर साधी बोट घ्या, पण रात्री कमी करू नका.

आणखी एक बारकावा. काही 8 दिवसांच्या सहली हे दोन छोटे तुकडे जोडून केलेले असतात. मध्येच एका सकाळी निम्मे प्रवासी उतरतात, नवे चढतात, आणि तुमची ती सकाळ बंदरात वाट पाहण्यात जाते. दिवसागणिक वेळापत्रक मागवलंत की हे लगेच दिसतं.

पश्चिम की पूर्व?

ही सगळी बेटं ज्वालामुखीची. पृथ्वीच्या पोटातला एक तप्त झोत एका जागी आहे आणि त्यावरून जमिनीचा तुकडा हळूहळू पूर्व-आग्नेयेकडे सरकतो आहे. त्यामुळे पश्चिमेकडची फर्नांदिना आणि इसाबेला ही बेटं सगळ्यांत तरुण, अजून धगधगती. फर्नांदिनाचा ज्वालामुखी मार्च 2024 मध्येही उसळला होता. पूर्वेकडची एस्पान्योला आणि सान क्रिस्तोबाल ही म्हातारी, झिजलेली. आपल्याला हे समजायला अवघड नाही, कारण आपला सह्याद्रीही अशाच एका तप्त झोताच्या लाव्ह्याचा, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दोरखंडासारख्या पिळाचा लाव्हा सांतियागो बेटावर पायाखाली दिसतो, तसेच पीळ आपल्याकडच्या काळ्या कातळातही ठिकठिकाणी आहेत. तिथे तो शे-सव्वाशे वर्षांचा आहे, त्यामुळे काल थिजल्यासारखा वाटतो. मी त्याच्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होते.

बेटाच्या वयापेक्षाही प्राण्यांवर जास्त हुकूम चालतो तो समुद्रातल्या प्रवाहांचा. दक्षिणेकडून हम्बोल्ट हा थंड प्रवाह येतो. पश्चिमेकडून क्रॉमवेल नावाचा दुसरा प्रवाह पाण्याखालून येतो, फर्नांदिना आणि इसाबेला यांना धडकतो आणि वर उसळतो. खोलातलं थंड पाणी सोबत खत घेऊन येतं, त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळावर मासे, माशांवर पक्षी. विषुववृत्तावर पेंग्विन राहू शकतो तो या थंड पाण्याच्या जोरावर. न उडणारा पाणकावळाही फक्त इथेच, फर्नांदिना आणि इसाबेलाच्या पश्चिम किनाऱ्यावर. पोटापुरतं किनाऱ्यालगतच मिळत गेलं, पाठलाग करणारा कुणी नव्हता, तेव्हा त्याचे पंख पिढ्यानपिढ्या आखडत गेले. आपल्या तळ्याकाठी पंख पसरून वाळवत बसणारा पाणकावळा ज्याने पाहिला आहे, त्याने हा एकदा पाहावाच. हाही तसाच बसतो, वाळवायला पंख म्हणून दोन फाटकी पिसं.

तेव्हा पाणकावळा, पेंग्विन आणि मोठाले काळे समुद्री इग्वाना, म्हणजे समुद्रात पोहणारे सरडे, हवे असतील तर पश्चिमेचा फेरा. अल्बाट्रॉस, तांबडे-हिरवे इग्वाना, फ्लोरियाना, सान क्रिस्तोबाल हवं असेल तर आग्नेयेचा. उत्तरेला एकटं पडलेलं खेनोवेसा हे पक्ष्यांचं बेट आहे. तांबड्या पायांचे बूबी झुडपांत घरटी करतात आणि घुबड भरदिवसा वादळपाखरांची शिकार करतं. तिथे पोचायला रात्रभराचा उघडा समुद्र लागतो. महाकाय कासवं मात्र सांताक्रूझच्या डोंगराळ भागात बारा महिने दिसतात, बहुतेक फेऱ्यांत तो थांबा असतोच, त्यासाठी वेगळं काही जुळवावं लागत नाही.

महिन्याचा हिशेब

जानेवारी ते मे हा उबदार काळ. मधूनमधून जोरदार सर येते, ऊन कडक, समुद्र शांत, पाणी 24 ते 27 अंशांच्या आसपास. हिरवी समुद्री कासवं याच सुमारास वाळूत अंडी घालायला येतात. जून ते डिसेंबर हा थंड काळ. आभाळ भरलेलं, डोंगरांवर गारुआ नावाची बारीक भुरभुर, पाणी 18 ते 22 अंश. या काळात पाण्यात खाद्य जास्त, त्यामुळे हालचालही जास्त. सी लायनची (समुद्रसिंहांची) पिल्लं ऑगस्टपासून दिसू लागतात, देवमासे दिसण्याची शक्यताही याच काळात अधिक. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र सगळ्यांत खवळलेला असतो.

बोट लागण्याची भीती असेल आणि अल्बाट्रॉसही हवा असेल, तर एप्रिल-मे हा महिना माझ्या मते सगळ्यांत सोयीचा. पाणी अजून उबदार, समुद्र बराच शांत आणि एस्पान्योलावर पक्षी परतलेले.

एल निनोचं वर्ष असेल तर हा हिशेब बिघडतो. एल निनो म्हटलं की आपल्याकडे पावसाची काळजी सुरू होते. तिथे ती उपासमार असते. थंड पाणी वर येणं थांबतं, शेवाळ मरतं. 1982-83 च्या एल निनोत तिथले पेंग्विन तीन चतुर्थांशांहून अधिक घटले होते. समुद्री इग्वानांचं तर नुसतं वजन उतरत नाही, अंगाची लांबीही कमी होते. हाडं आखडणारा पूर्ण वाढलेला प्राणी! जायच्या वर्षी समुद्र कसा आहे ते पाहून जावं, म्हणजे जे दिसेल त्याचा अर्थ लागतो.

छोटी बोट म्हणजे किती छोटी?

गालापागोसमध्ये 100 हून जास्त प्रवाशांची बोट फेऱ्या मारू शकत नाही. त्यातही बहुतेक बोटी 16 जणांच्या, आणि त्यामागे एक कारण आहे. उद्यानाचा नियम आहे की जास्तीत जास्त 16 जणांमागे एक परवानाधारक गाइड हवा, आणि त्याच्याशिवाय वाट सोडाच, होडीतून उतरताही येत नाही. 16 जण म्हणजे एक गाइड, दोन होड्या, एक गट. शंभर जण म्हणजे सात गट, त्यांचे पाळीपाळीने उतरणे आणि चढणे. बोट छोटी घ्यायची ती थाटासाठी नव्हे, बेटावर जास्त वेळ मिळावा म्हणून. मोठ्या बोटी कमी हलतात आणि त्यांच्यावर बहुधा डॉक्टर असतो, ही बाजूही खरी. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी ती नजरेआड करू नये.

होडीला तिथे 'पांगा' म्हणतात. मुंबई-गोवा आगबोटीच्या काळात लहान बंदरांवर आगबोट धक्क्याला लागत नसे, पडाव यायचे आणि त्यांतून लोक किनाऱ्यावर जायचे, ही गोष्ट ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकली असेल त्यांना पांगा लगेच कळेल. वेळापत्रकात 'कोरडं उतरणं' लिहिलं असेल तर खडकावर किंवा पायरीवर पाऊल टाकायचं. 'ओलं उतरणं' असेल तर गुडघाभर पाण्यात. दोन्ही वेळी खलाशाचा हात हातात नाही, मनगटापाशी धरायचा. हात निसटतो, मनगट निसटत नाही. आईला हे पहिल्याच दिवशी शिकवलं आणि सत्तरीला टेकलेली आई आठवडाभरात पंधरा वेळा चढली-उतरली.

केबिन निवडताना खिडकीपेक्षा जागा पाहा. बोटी लांबचा पल्ला रात्री मारतात. नाळेकडची केबिन लाटेबरोबर वरखाली आपटते, मागची इंजिनाच्या आवाजात थरथरते. मधली आणि खालच्या मजल्यावरची सगळ्यांत कमी हलते, तिला खिडकीच्या जागी छोटं गोल भोक असलं तरी. झोप झाली नाही तर सकाळी सहाला उठून कोणतंच बेट डोळ्यांत भरत नाही. दोन तळांची बोट, म्हणजे कॅटामरान, एका तळाच्या बोटीपेक्षा कमी डोलते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, बोट निघण्याआधी. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

ज्यांना बोट लागतेच लागते त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. सांताक्रूझवरच्या प्वेर्तो आयोरा गावात राहायचं आणि दिवसाच्या बोटीने नॉर्थ सीमोर, बार्तोलोमे, साउथ प्लाझा पाहायचं. रात्री पाय जमिनीवर, खर्चही कमी. फर्नांदिना आणि खेनोवेसा मात्र अशा मुक्कामातून गाठता येत नाहीत.

पैसे, कागद आणि एक लस

16 जणांच्या बोटीवर 8 दिवसांचे माणशी साधारण 3 ते 4 हजार डॉलरपासून सुरू होतात आणि चांगल्या बोटीचे 8 हजारांपुढे जातात. यात काय धरलेलं नाही ते आधी विचारा: बेटांचं विमान, पोहण्याचा रबरी पोशाख, खलाशी आणि गाइडची बक्षिसी. उद्यानाचं प्रवेशशुल्क 1 ऑगस्ट 2024 पासून परदेशी प्रौढांना 200 डॉलर झालं आहे, 12 वर्षांखालच्या मुलांना 100. त्याशिवाय मुख्य भूमीवरच्या विमानतळावर 20 डॉलरचं प्रवासी-कार्ड घ्यावं लागतं. इक्वेडोरचं चलन अमेरिकी डॉलरच आहे, ही रक्कम सुट्या, स्वच्छ नोटांत जवळ ठेवा.

भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरचा व्हिसा लागतो. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवा. युरोपातून गेलात तर ज्या देशात थांबणार त्याचा ट्रान्झिटचा नियम तिकिटाआधी पाहा. बोट कुणासाठी थांबत नाही, म्हणून निदान एक, जमल्यास दोन रात्री आधी इक्वेडोरमध्ये पोचा. कीटो 2850 मीटर उंचीवर आहे, वयस्कांना तिथे धाप लागते. ग्वायाकील समुद्रसपाटीला आहे. आईमुळे आम्ही ग्वायाकीलला उतरलो.

बेटांकडे निघताना सामानाची तपासणी होते ती बॉम्बसाठी नाही, बियांसाठी. ताजी फळं, बी-बियाणं, झाडपाला काहीही नेता येत नाही. घरून निघताना बुटांचे तळ ब्रशने घासून धुवा, सॅकच्या शिवणीतली कुसळं काढा. हे जाचक वाटलं तर इसाबेलाच्या बकऱ्यांची हकिगत आठवावी. माणसांनी सोडलेल्या बकऱ्यांनी महाकाय कासवांचा चारा संपवला होता, त्या हटवायला 2006 पर्यंत वर्षानुवर्षं बंदुका आणि हेलिकॉप्टर वापरावी लागली. एक बी त्याहून सहज आत शिरतं.

प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहायचं, फ्लॅश नाही, ड्रोन नाही. प्राणी स्वतः जवळ आला तर आपण स्तब्ध. एस्पान्योलावर तिथला मॉकिंगबर्ड आईच्या बुटावर येऊन बसला आणि नाडी ओढू लागला. मग पाण्याच्या बाटलीच्या झाकणाकडे मान वाकडी करून पाहत राहिला. त्या बेटावर गोडं पाणी नाही. आईचा हात बाटलीकडे गेला, गाइडने मान हलवून नको म्हटलं, आणि तिने हात मागे घेतला. तो पक्षी आणखी अर्धा मिनिट तिथेच होता.

शाकाहारी असाल तर बोटीला नुसतं 'मांस नको' कळवू नका. स्पॅनिशमध्ये त्या शब्दातून बरेचदा कोंबडी आणि मासे सुटतात. 'मासे नको, कोंबडी नको, त्यांचं सूपही नको' असं सुटं-सुटं लिहा. मग बटाटा-चीजचं लोक्रो सूप, कच्च्या केळ्याचे तळलेले पाताकोनेस, डाळीचं मेनेस्त्रा आणि भात यावर आठवडा छान निघतो.

पैसे भरण्याआधी बोटवाल्या कंपनीला ईमेलने विचारा: माझ्या तारखांना दिवसागणिक नेमकी कोणती ठिकाणं, त्या महिन्यात तिथे कोणते प्राणी असतात आणि कोणते नसतात, मध्ये प्रवासी बदलतात का, गाइड किती आणि कोणत्या भाषेत बोलतो, बोटीत लाइफ-जॅकेटची तालीम होते का. 'कोणते नसतात' हा प्रश्न वगळू नका. चांगली कंपनी त्याचं उत्तर सरळ देते. प्रवासविमा घेताना समुद्रातून रुग्णाला मुख्य भूमीवर हलवण्याचा खर्च त्यात आहे हे वाचून घ्या, कारण बेटांवरच्या दवाखान्यांना मर्यादा आहेत.

राहिली लस. गालापागोसमध्ये पीतज्वराची भीती नाही, पण इक्वेडोर देश भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून परतणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, आणि प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी टोचलेली असावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, कारण या वयात या लसीचा धोका थोडा वाढतो. आईचं ते पिवळं कार्ड अजून तिच्या पासपोर्टच्या कव्हरात आहे. पुढच्या एप्रिलसाठी तिने ते परवा काढून पाहिलं.